इतर हक्कात कोणाचं नाव?



बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘गिरणगावातलं घर : साहित्यात आणि कागदोपत्री’. येताना पाराजवळ एकाने थांबवून विचारलं, “सर, लोअर परळला फ्लॅट घेणारं कळंबात आहे तरी कोण?” आहे ना. आमच्याच घरात एक आहे. आणि तिथे घर मिळेल म्हणून चौदा-पंधरा वर्षं वाट बघणारा एक आहे, तोही आमच्याच घरातला. दोघांच्या मध्ये मी बसलोय. म्हणून आज तत्त्वज्ञानाचा मास्तर नाटकाबद्दल आणि खरेदीखताबद्दल बोलणार आहे.

आधी घरचं सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी पुस्तकांवर घसरलो की तुम्हाला कळेल, हा माणूस एवढा का चिडलाय.

माझे वडील इथेच वालचंदनगरला वर्कशॉपात होते. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. धाकट्या चुलत्यांना, म्हणजे आमच्या तात्यांना, इथलं काही मानवलं नाही. ते १९६३ साली मुंबईला गेले आणि डिलाइल रोडच्या एका गिरणीत साचा खात्यात लागले. आधी बदली, मग काही वर्षांनी कायम. राहायला गावकीची खोली. दहा बाय बाराची. भाडेपावती कोणा एकाच्या नावावर, राहणारे चौदा-पंधरा. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीवरून आलेला त्याच जागेवर आडवा व्हायचा. माणशी एक खुंटी आणि एक ट्रंक. जेवण खाणावळीत. १९६९ च्या मे महिन्यात मी पंधरा दिवस तिथे होतो, बाहेर गॅलरीत झोपायचो. पहाटेच्या भोंग्याला दचकून उठायचो आणि बाकीचे हसायचे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला. तात्या वर्षभर थांबले, मग वळकटी घेऊन कळंबला आले आणि उसाच्या काट्यावर हजेरीने लागले. गिरणी थोडी चालू झाली तेव्हा मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. १९९६ ला ते गेले. त्यांच्या ट्रंकेत गिरणीचं तिकीट, प्रॉव्हिडंट फंडाच्या दोन चिठ्ठ्या आणि एक बिल्ला निघाला. त्या कागदांच्या जोरावर माझ्या चुलतभावाने, म्हणजे तात्यांच्या मुलाने, म्हाडाच्या गिरणी कामगार सोडतीला वारस म्हणून अर्ज केलाय. अजून नंबर लागलेला नाही.

दुसरी बाजू. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी मुंबईत संगणकाच्या कंपनीत आहे. नवरा-बायको दोघं कमावतात. गेल्या दिवाळीत आली, माझ्यापुढे एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली आणि म्हणाली, “काका, लोअर परळला घर बघितलंय. स्टँप ड्यूटीला थोडे कमी पडतायत.” एकतिसावा मजला, सव्वासहाशे चौरस फूट, किंमत तीन कोटींच्या वर. जागा कुठली? पूर्वी गिरणी होती ती. तात्यांची नव्हे, पण हाकेच्या अंतरावरची.

मी पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न. आता मला सांगा, हा प्रश्न पैशाचा आहे का?

ती पुस्तिका मी कादंबरी वाचावी तशी वाचली. वाईट वाङ्मय वाचायची मला सवय आहे, तीस वर्षं प्रबंध तपासलेत. पहिली गोष्ट, त्यात ‘लोअर परळ’ हा शब्दच नाही. ‘अप्पर वरळी’ आहे. असं ठिकाण मुंबईच्या कुठल्या जुन्या नकाशावर सापडणार नाही. ते घर विकणाऱ्यांनी वसवलं. रेल्वेचं स्टेशन अजून लोअर परळच आहे, पण एवढे पैसे देऊन ‘लोअर’मध्ये राहायचं कोणाला? आणि ‘परळ’ म्हटलं की भोंगा आला, मोर्चा आला, खाणावळीतल्या कालवणाचा वास आला. नाव बदललं की सगळं एकदम धुतलं जातं. दुसरी गोष्ट, चिमणी. गिरणीची चिमणी राखून ठेवली आहे, तिच्यावर खालून दिवे सोडलेत, शेजारी पोहण्याचा तलाव. तिला त्यांनी ‘वारसा’ म्हटलंय. मी पुतणीला म्हटलं, अगं, वारसा इथे उभा आहे आणि वारस कळंबला सोडतीची वाट बघतोय. ती हसली नाही. तिने तो चुलता लहानपणापासून पाहिलाय.

पुस्तिकेवर मी जास्त वेळ घालवणार नाही. जाहिरातीने खोटं बोलू नये ही अपेक्षा मी कधीच सोडली आहे. माझी तक्रार आपल्या चांगल्या लेखकांबद्दल आहे, आणि थोडी माझ्या स्वतःबद्दल.

त्याआधी एका शब्दाचा निकाल लावू. तात्या कधीही ‘माझं मुंबईतलं घर’ म्हणाले नाहीत. ‘खोली’ म्हणायचे. कोणी बायकामुलं आणली तर ते ‘बिऱ्हाड’. ‘घर’ म्हणजे कळंब. कोकणातल्या माणसाचंही तेच, साताऱ्याच्याही. नारायण सुर्व्यांचं चरित्र आठवा. त्यांना ज्यांनी वाढवलं ते गंगाराम सुर्वे गिरणी कामगार. कामावरून निवृत्त झाल्यावर ते गावी निघून गेले, आणि पोरवयातले नारायण मुंबईतच मागे राहिले. गंगाराम सुर्व्यांना जायला गाव होतं. या मुलाला नव्हतं. म्हणून त्यालाच रस्त्याला आणि फुटपाथला आपलं म्हणावं लागलं. ‘माझे विद्यापीठ’ हे १९६६ चं नाव मी असं वाचतो. विद्यापीठ म्हणजे जिथे शिकतो तेवढंच नव्हे, जिथून हाकललं तर जायला दुसरी जागा नाही ते.

हे एवढ्यासाठी सांगितलं की माझे काही शिकलेले मित्र मला विचारतात, कामगारांचं घर गिरणगावात नव्हतंच ना, ते तर गावी होतं, मग त्यांचं गेलं काय? प्रश्न बिनतोड वाटतो. पण तो एका पिढीपुरताच खरा आहे. तात्यांची पिढी दोन ठिकाणी पाय ठेवून उभी होती. ज्यांची मुलं तिथे जन्मली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकली, त्यांना गाव म्हणजे शिमग्या-गणपतीचे आठ दिवस. त्यांचं घर ती खोलीच. बाप ज्याला खोली म्हणाला त्याला मुलगा घर म्हणायला लागला, आणि नेमका तेव्हाच गिरणीचा भोंगा बंद झाला.

या मुलांवर मराठीत एकच मोठं नाटक आहे, जयंत पवारांचं ‘अधांतर’. १९९७ साली मंगेश कदमांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आलं. धुरींचं कुटुंब, आई, मुलगे, मुलगी, आणि चाळीतली एक खोली. तेव्हा मी कॉलेजात त्यावर एक टिपण वाचलं होतं. त्यात मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं की नाटक प्रामाणिक आहे, पण रचना जुन्या कौटुंबिक नाटकाची आहे; बाहेर एवढा इतिहास घडतोय आणि नाटककार खोलीबाहेर जायला तयार नाही. टाळ्या पडल्या होत्या. आज ते टिपण हाताला लागलं तर मी चुलीत घालीन.

खोलीबाहेर न जाणं हेच तर ते नाटक आहे. कारण या माणसांना जायला बाहेर काही उरलेलंच नाही. बापाकडे गिरणी होती आणि गाव होतं. मुलांकडे दोन्ही नाही, फक्त या चार भिंती. एक माणूस आत आला की दुसऱ्याला सरकावं लागतं. भांडण झालं तर उठून जायला दुसरी खोली नाही. दार लोटलं तरी आवाज गॅलरीभर. मी बेकारीचं नाटक म्हणून ते पाहिलं. ते जागेचं नाटक होतं. ‘अधांतर’ हे नावच बघा. ज्याच्या पायाखाली जमीन नाही तो अधांतरी. आणि इथे गंमत, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, अशी की पायाखालची जमीन तेव्हाच सोन्याच्या भावाची व्हायला लागली होती. खोलीतल्या कोणालाच त्याचा उपयोग नव्हता. १९९७ चा प्रेक्षक हे धडपणे ओळखून नव्हता. आज प्रयोग झाला तर प्रत्येक प्रेक्षक मनात चौरस फुटांचा हिशोब करत बसेल. नाटक तेच, पण आपणच बदललोय, आणि ते आपल्याला पकडतं.

याच नाटकावरून २०१० साली महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ काढला, हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’. मी तो पाहिला एका मल्टिप्लेक्समध्ये. गिरणीच्याच जागेवरचं मल्टिप्लेक्स. तिकिटाच्या पैशात तात्यांच्या खाणावळीचा महिना निघाला असता, असा बावळट हिशोब मी तेव्हा केला होता. चित्रपट ताकदीचा आहे, नट चांगले आहेत, त्याला नावं ठेवायला मी आलेलो नाही. पण त्याने खोलीची भिंत पाडली. बंदुका आल्या, गिरणीमालक पडद्यावर आला, जमिनीचा व्यवहार दिसला. म्हणजे मी १९९७ ला जे मागत होतो तेच सगळं त्याने दिलं! आणि ते मिळाल्यावर मला कळलं की मी चुकीचं मागत होतो. दुष्ट माणूस समोर दाखवला की प्रेक्षकाची सुटका होते. तो चुकचुकतो, डोळे पुसतो आणि बाहेर येऊन त्याच आवारात कॉफी पितो. नाटकात असा कोणी हाताशी लागत नाही, म्हणून नाटक संपल्यावर आपलंच काहीतरी खुपत राहतं.

पवारांनी स्वतः हा विषय सोडला नाही. पुढे ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह आला, २०१२ ला त्याला साहित्य अकादमी मिळालं. नुसतं नाव घ्या. फिनिक्स हा राखेतून उठणारा पक्षी, आणि फिनिक्स ही लोअर परळची एक गिरणी, जिच्या जागेवर आता मुंबईतला गाजलेला मॉल आहे. राखेतून पक्षी उठला खरा, पण भलताच. एवढ्या चार शब्दांत जो टोमणा आहे तो आमच्या दहा चर्चासत्रांत नसतो. ‘साचा’ नावाचा माहितीपट आहे, अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा, २००१ चा. त्यात सुर्वे आहेत आणि चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत. मिळाला तर बघा. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावचा इतिहास गोळा केलाय, तो मराठीतही आला आहे.

पण या सगळ्यांत एक माणूस मला कुठे भेटला नाही. माझी पुतणी. तिथे राहायला येणारी. आपल्या साहित्यात ती आलीच तर एकतर बंद काचेच्या गाडीतून जाते किंवा विनोदाला येते. गिरणगावची गोष्ट आपण संपापाशी, फार तर गिरणीला कुलूप लागलं तिथे संपवतो. मग वीस-पंचवीस वर्षांचा अंधार, आणि एकदम टॉवर. त्या टॉवरमध्ये कर्ज काढून शिरलेली माणसं मराठीही आहेत, त्यांतल्या काहींचे आजे-चुलते त्याच गल्लीत राबलेत, हे कोणी लिहीत नाही. विलाप करणं सोपं आहे. विलापात आपण नेहमी हरलेल्याच्या बाजूचे असतो. घर घेणाऱ्याच्या बाजूने विचार करायला लागलं की हात थोडे मळतात.

म्हणून मी तिला म्हटलं, पैशाचं नंतर बघू, आधी मला कागद दाखव. तिने वकिलाचा टायटल रिपोर्ट पाठवला. तीसेक पानं. तुम्ही हसाल, पण इतक्यात वाचलेल्या वाङ्मयात मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल ते या तीस पानांनी.

त्यात गोष्ट आहे, क्रमाने. अमुक साली अमुक कंपनीने जमीन घेतली. अमुक बँकेकडे गहाण टाकली. गिरणी आजारी पडली. बीआयएफआरकडे प्रकरण गेलं. जमिनीचा भाग विकायला परवानगी मिळाली. गहाण सुटलं, विक्री झाली, नकाशे मंजूर झाले, भोगवटा मिळाला. प्रत्येक वाक्याला कर्ता आहे आणि प्रत्येक कर्ता कंपनी, बँक नाहीतर सरकार. शंभरच्या आसपास वर्षांच्या या कहाणीत कामगार एकदाच येतात, थकबाकीच्या यादीत. मालमत्ता कर, वीज, पाणी, कामगारांची देणी, सर्व चुकते. पाण्याच्या बिलाच्या शेजारी. मी कोणा वकिलाला दोष देत नाही. कागद बिनचूक आहे. ज्या रकान्यात ती माणसं बसावीत तो रकानाच त्या कागदाला नाही, एवढंच.

आता तुम्ही सगळे सातबाऱ्यातले मास्टर आहात. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, आणि त्याखेरीज काय असतं? बरोबर, इतर हक्क. कुळाचं नाव तिथे. सोसायटीचा बोजा तिथे. विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क तिथे. जमीन घेताना आपल्याकडचा अडाणी माणूससुद्धा आधी ‘इतर हक्कात कोण आहे?’ विचारतो. आपल्या या साध्या कागदात केवढं तत्त्वज्ञान आहे बघा: जमिनीशी मालकाखेरीज दुसऱ्याचंही नातं असू शकतं, आणि ते लिहून ठेवायला हवं.

ते नातं किती दिवस जिवंत राहतं, हे या पंचक्रोशीला मी काय सांगावं? आपल्या आज्या-पणज्यांनी साखर कंपनीला जमिनी खंडाने दिल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या. कसणारा बदलला, फळ्यावरचं नाव बदललं, दोन पिढ्या गेल्या. पण खंडकरी हा शब्द कागदावर टिकला, म्हणून लढता आलं आणि पुष्कळांना जमिनी परत मिळाल्या. कुळांचं तर त्याहून स्पष्ट. १९४८ चा कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. नांगर धरल्याने जमिनीवर हक्क येतो, हे आपण कायद्याने कबूल केलं. साचा चालवल्याने गिरणीवर नाही तर नाही, पण गिरणीच्या जमिनीवर काडीचा तरी हक्क येतो की नाही, हे विचारायची वेळ आली तेव्हा सगळे गप्प.

इथे माझं दुसरं कबुलीपत्र. जॉन लॉक मी तीस वर्षं शिकवला. १६८९ चं ते पुस्तक. माणूस स्वतःच्या श्रमाचा मालक आहे, तो ज्या वस्तूत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. फक्त दुसऱ्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक ठेवलं पाहिजे. मुलांना हे फार आवडायचं. पण त्याच परिच्छेदाच्या आसपास लॉक असंही म्हणतो की माझ्या नोकराने कापलेलं गवत माझंच. तात्यांचे श्रम तात्यांचे, पण त्यांनी विणलेलं कापड शेठचं, कारण तात्या पगारी. हे वाक्य मी दर वर्षी वर्गात घाईने ओलांडायचो. परीक्षेला येत नव्हतं. आणि मला वाटतं, मलाही त्याच्यावर थांबायचं नव्हतं.

मुंबईत इतर हक्कांचा रकाना उघडायचा एक प्रयत्न झाला, नाही असं नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम. गिरणीच्या जमिनीवर नवं काही करायचं तर ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मला हा नियम म्हणजे लॉकची ती ‘शिल्लक ठेवा’ची अट वाटते, इंजिनिअरच्या भाषेत. अठ्ठावन्न गिरण्या, सहाशेच्या आसपास एकर. मग २००१ ला नियमात बदल झाला. वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या तुकड्याचे. गिरणी म्हणजे शेडच शेड, मोकळं असणार किती? उच्च न्यायालयाने २००५ ला हे अडवलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ ला मालकांच्या बाजूने मोकळं केलं. बांधावरून कोर्टात गेलेल्या माणसांना हे वेगळं समजावायला नको. ‘जमीन’ शब्दाचा अर्थ बदलला की जमीन बदलते.

जे शिल्लक उरलं त्यातून सोडती. २८ जून २०१२ ला पहिली, ६,९२५ घरं. मार्च २०२० ला ३,८९४. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात, आणि सगळ्या सोडती मिळून घरं वीस हजारांच्याही आत. मग सरकार म्हणतं, शेलूला घ्या, वांगणीला घ्या. कर्जत-बदलापूरकडे. चुलतभाऊ म्हणतो, वांगणीला जायचं तर कळंबच काय वाईट आहे?

उलट बीडीडी चाळी बघा. १९२० च्या दशकात सरकारनेच बांधलेल्या, एकशेसाठ चौरस फुटांची खोली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मला मनापासून आनंद झाला. त्यांना मिळालं, कारण खोली त्यांच्या नावावर होती, हातात भाडेपावती होती. तात्या त्याच गिरणगावात वीस वर्षं राहिले, पण गावकीच्या खोलीत. पावती दुसऱ्याची. म्हणजे राबणं सारखं, आणि राहणं सारखं; फरक एका चिठोऱ्याचा. मी कागदाच्या मागे का लागलोय ते आता कळलं असेल.

मग पुतणीचं काय? दोन सोपी उत्तरं लोक मला देतात. एक, तिने घेतलं नाही तर दुसरा घेईल. हे खरं आहे आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. उसात शिरलेल्या प्रत्येक गुराबद्दल असं म्हणता येईल. दुसरं, ती पापाची भागीदार आहे. हेही मला मान्य नाही. नियम तिने बदलला नाही, तेव्हा ती शाळेत होती. राहायला जागा तर तिला हवीच, आणि कामाच्या जवळ हवी. नवी मुंबईहून रोज तीन तास जाऊन-येऊन तिचं काय झालं होतं ते मी पाहिलंय. शिवाय आम्ही स्वतः इथे कोण आहोत? वालचंदनगर वसायच्या आधी त्या माळावर कोणाची गुरं चरत होती, हे मी कधी विचारलं? मी ज्या क्वार्टरमध्ये पाढे पाठ केले त्या जागेच्या इतर हक्कात कोण होतं?

मी तिला पैसे दिले. हे ऐकून काही जणांची निराशा झालेली दिसतेय. अट घातली नाही. बाईच्या नावावर खरेदी केली की स्टँप ड्यूटीत एक टक्का सवलत मिळते, ती घे एवढं मात्र बजावलं. मास्तर माणूस.

पण झालं असं की तो टायटल रिपोर्ट मी वाचतोय म्हणून तिनेही वाचला. आणि संक्रांतीला आली तेव्हा आपणहून चुलत्याच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हाडाने पात्रता ठरवायला कागद मागितले होते, त्याला ते फोनवरून चढवता येत नव्हते. तिने तात्यांच्या तिकिटाचा, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्यांचा एकेक फोटो काढून भरला. तासभर लागला, रेंज जात होती. मग चुलतभावाने तिला विचारलं, “तुझ्या खिडकीतून तात्यांची खोली दिसती का गं?” ती म्हणाली, “मला माहीत नाही, काका. ती कुठे होती ते तुम्ही दाखवा.” तो म्हणाला, “मला तरी कुठं माहीत? मी चार वर्षांचा असताना गेलो होतो.”

म्हणजे माहीत असलेला जिवंत माणूस मी एकटा. गेल्या महिन्यात जाऊन आलो. एकतिसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, सी-लिंक दिसतो, खाली पत्र्यांचा एक पट्टा दिसतो. मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. नाक्यावरचं देऊळ सापडलं, देवळावरून गल्ली सापडली असं वाटलं, आणि जिथे चाळ असायला हवी तिथे सात मजले नुसत्या गाड्या लावायला केलेत. अर्थात माझा अंदाज चुकलाही असेल. मी ती जागा वरून कधी पाहिलेलीच नव्हती.

चुलतभावाचं म्हणाल तर त्याला तिथे राहायचं नाहीच. नंबर लागला तर ठरलेली वर्षं थांबून विकायचं आणि इथे बोअर घ्यायचं, असं त्याचं आहे. यावर लगेच कोणी म्हणेल, बघा, शेवटी विकणारच ना! विकू दे की. पुतणीच्या घराला सगळे ‘गुंतवणूक’ म्हणतात तेव्हा कोणाचं काही दुखत नाही. मला त्याचं चुकीचं वाटत नाही, पण माझं भाषण त्याने थोडं अडचणीत आणलंय हे खरं. मी इतका वेळ घर, घर म्हणतोय, आणि ज्याच्यासाठी म्हणतोय त्याला विहीर हवी आहे.

तो मागे खांबाजवळ बसलाय. मघापासून मान हलवतोय, म्हणजे यातलं बरंचसं त्याला पटलेलं नाही. माईक द्या त्याला. हां, बोल रे.